डाव्या दंडाला धरणारी

अक्काच्या डाव्या दंडावरचे वळ मीच उठवले असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय, आणि मी कितीही घसा फोडला तरी माझ्यावर कुणी विश्वास ठेवायला तयार नाही. मी तिच्या उजव्या बाजूला बसले होते. मध्ये अख्खी अक्का आडवी, तिच्यावर हिरवी कापडं, पलीकडे मशीन. तिथपर्यंत पोचायला माझा हात म्हणजे काही रबरी नळी नाही. पण सिस्टर म्हणाली, "मावशी, तुमचा हात म्हणजे पक्कड आहे, आम्हाला काय माहीत नाही?" आणि भूल देणारे डॉक्टर, जे एरवी माझ्याशी धड बोलतात, तेही नुसते हसले. चौथीत शाळा सुटलेल्या बाईने मोठ्या आवाजात काही सांगितलं की लोकांना ते भांडण वाटतं. आता मी सगळं पहिल्यापासून सांगते, मग ज्याला जे वाटायचं ते वाटू दे.

डोळ्यांच्या हॉस्पिटलात मी हात धरायला असते. हसू नका, ते काम आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माणसाला झोपवत नाहीत. थेंब घालून तेवढा डोळा बधिर करतात, तोंडावर हिरवं कापड येतं, कापडाला एक खिडकी आणि त्या खिडकीत तो एकटा डोळा. कापडाखालचं माणूस टक्क जागं असतं, ट्रेमध्ये चिमटा ठेवल्याचा आवाजसुद्धा त्याला ऐकू येतो, आणि त्याने हलायचं नाही, बोलायचं नाही, खोकायचं नाही. म्हणून मी उजव्या बाजूला स्टुलावर बसून त्याचा हात हातात घेते. ठसका लागतोय असं वाटलं, भीती वाटली, काहीही झालं तरी त्याने माझा हात दाबायचा, की मी म्हणते, "बाई, थांबा," आणि सर्जनबाई हत्यार बाहेर घेतात. काही लोक हात नुसता ठेवतात, काही लोक असा धरतात की अंगठी माझ्या बोटात रुतते. मोठमोठे साहेबलोकही धरतात. बाहेर आल्यावर ओळख दाखवत नाहीत, ते जाऊ दे.

डाव्या दंडाला प्रेशरचा पट्टा असतो. तो थोड्या थोड्या वेळाने आपोआप फुगतो, दंड आवळतो, मग सुस्कारा टाकून सोडून देतो आणि मॉनिटरवरचे आकडे बदलतात. घरी ज्यांचं प्रेशर शहाण्यासारखं वागतं त्यांचंही टेबलावर आडवं झालं की उधळतं. फारच चढलं तर डोळ्याच्या आत रक्त उतरायची धास्ती असते, मग भूल देणारे डॉक्टर औषध देऊन बघतात, वाट बघतात, आणि तरी नाही उतरलं तर सर्जनबाई मान हलवून म्हणतात, "आज नको." रागाने नाही म्हणत, बिचाऱ्या हळूच म्हणतात. पण मनाची तयारी करून, पोरांना रजा काढायला लावून आलेलं म्हातारं माणूस ते दोन शब्द ऐकून बाहेर जातं ना, तेव्हा त्याच्या चपला त्याला सापडत नाहीत. समोर असतात, तरी सापडत नाहीत.

माझ्या अक्काने ते दोन शब्द दोनदा ऐकले होते.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की मला आईचा चेहरा आठवत नाही, अक्काचाच आठवतो, आणि अक्काही तेव्हा काही मोठी नव्हती, फक्त मोठ्यांसारखी वागायला लागली होती. माझे केस कधी वेणीत राहिले नाहीत, सदा डोळ्यांवर, म्हणून ती मला झिपरी म्हणायची आणि बोलता बोलता कपाळावरचे केस मागे सारायची. रस्ता ओलांडताना ती माझा हात धरत नसे, डावा दंड धरायची, कोपराच्या वर, घट्ट. "हात निसटतो," म्हणायची, "दंडाला धरलं की कुठं जाशील?" तिच्या उजव्या हाताची करंगळी कधीतरी दारात चेमटली होती, ती वाकतच नाही, त्यामुळे माझ्या दंडावर तिचा अंगठा आणि तीन बोटं रुतायची आणि करंगळी हवेत ताठ. माझं लग्न झालं त्या दिवसापासून तिने झिपरी म्हणणं सोडलं, नुसतं बाई म्हणायला लागली. आता माझा नवरा गेला, लेक आपल्या घरी सुखात आहे, आणि आम्ही दोघी बहिणी पुन्हा एका छपराखाली आलोय. फरक एवढाच की आता दंड मी धरते.

तिचा डावा डोळा काचबिंदूने कधीच नेला. उरला उजवा, त्यात मोतीबिंदू पिकून पार दुधाळ झालेला. सर्जनबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "मावशी, हा कडक होत चाललाय. आणखी थांबलो तर हाही डोळा हातचा जाईल." आणि दोन्ही वेळा अक्काला टेबलावर घेतलं की प्रेशर आभाळाला. दोन्ही वेळा तिचा नंबर शेवटचा होता, बाकीच्यांची ऑपरेशनं आटपेपर्यंत ती ऑपरेशनच्या खोलीबाहेर, आमच्या ओटीबाहेरच्या बाकावर बसून होती, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

"गोळ्या चुकतायत," भूल देणारे डॉक्टर म्हणाले.

"चुकत नाहीत. गिळली की तोंड उघडून दाखवायला लावते मी तिला."

"मग खाण्यात मीठ?"

"मीठ इतकं कमी की ती म्हणते, असं जेवण्यापेक्षा आंधळी बरी."

ते हसले, पण त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं की ही बाई घरच्या म्हातारीकडे बघत नाही. मला ते फार लागलं. एक गोष्ट मात्र मलाही उलगडत नव्हती. सुट्टीच्या दिवशी अक्काचं प्रेशर ठाकठीक असायचं. ज्या दिवशी आमच्याकडे ऑपरेशनं असत, त्या दिवशी मी घरी येऊन पट्टा बांधला की चढलेलं, कान लालबुंद, डोकं धरून बसलेली. मला वाटलं, दिवसभर एकटी राहून घाबरते.

मग एक बस ड्रायव्हर आला. किडनीचा आजारी माणूस, डायलिसिसवर होता, डाव्या हाताची शीर त्यासाठी जोडून घेतलेली, त्या हाताला पट्टा लावायचाच नसतो. उजव्या हाताला सुई होती. म्हणून सिस्टरने पट्टा पायाला बांधला. आडवा झाल्यावर त्याचं प्रेशर असं चढलं की सर्जनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याचा हात माझ्या हातात एकदम सैल झाला, रडून रडून झोपी जाणाऱ्या पोराचा होतो तसा, आणि आकडे उतरत गेले, सावकाश, जिना उतरल्यासारखे. ऑपरेशन छान झालं. बाहेर व्हीलचेअरवर बसवताना तो मला म्हणाला, "त्या दुसऱ्या बाईंना सांगा हं माझं."

"कोण दुसरी बाई?"

"दंडाला धरलं होतं त्यांनी. माझी आजी धरायची तसं, गाड्या बघून."

मी म्हटलं, "भाऊ, ते मशीन आहे. पट्टा असतो." तो मान हलवत गेला. मी ओटीत परत येऊन पट्टा गुंडाळायला घेतला, तर तो मला खाली वाकून, टेबलाच्या पायथ्याशी शोधावा लागला.

त्यानंतर मी प्रत्येकाला विचारायला लागले. विचारायचं म्हणजे सरळ नाही, "पट्ट्याचा त्रास नाही ना झाला?" असं. बहुतेक जण म्हणत, नाही, उलट बरं वाटलं, कुणीतरी धरून होतं. ज्यांचं प्रेशर आधीपासून नीट असे त्यांना काही वाटलेलं नसे. जे घाबरलेले असत त्यांनाच. आणि एक शिवणकाम करणारी बाई होती, तिला बोटांचीच सवय, ती म्हणाली, "मावशी, त्या धरणाऱ्या बाईंच्या करंगळीला काही झालंय का हो? तीन बोटं आणि अंगठा नीट लागत होते, करंगळी टेकतच नव्हती."

मी तिच्या हातात औषधांची पिशवी द्यायची विसरले. सिस्टर ओरडली तेव्हा भानावर आले.

मी सिस्टरला सांगितलं. ती म्हणाली, "मग तिला म्हणावं टोपी-मास्क घालून येत जा, ओटीत बिनामास्कची फिरतेय." भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "मावशी, माणूस घाबरलं की त्याला कुणीतरी जवळ हवं असतं, मग पट्ट्याचाही हात होतो." चांगलं बोलले, माझ्याही मनात आलं की असेल. पण पट्टा पायाला असताना दंडाला हात कुठून येतो, आणि पट्ट्याला करंगळी कशी असते, हे मी विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

घरी आले तेव्हा शेजारीण दारातच भेटली. तिला मी अक्काकडे अधूनमधून डोकावायला सांगून ठेवलं होतं. "तुझी अक्का जरा कशीतरीच करते गं," ती म्हणाली. "खुर्चीत बसल्या बसल्या उजवा हात असा पुढे करते, मूठ अर्धी मिटलेली, आणि म्हणते, झालं हं, झालं, आता पोचलो. मी विचारलं काय झालं, तर ऐकूच आलं नाही तिला."

अक्का खिडकीपाशी बसली होती. कान लाल. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तिचा उजवा हात हातात घेऊन ती ताठ करंगळी चाचपत राहिले.

"दुपारी काय करत असतेस गं?"

"काय करणार? डुलकी लागते."

"आणि?"

ती जरा लाजली, चोरून काही खाताना सापडल्यासारखी. "कुणीतरी घाबरलेलं असतं. धरते झालं."

"कुणाला धरतेस?"

"मला काय दिसतंय? अंधारात हाताला लागेल ते. मला वाटतं तूच असतेस."

मी रडले नाही. मी भांडले. मला दुसरं येत नाही. म्हटलं, त्या लोकांचं सगळं प्रेशर स्वतःच्या अंगावर ओढून घेतेस आणि मग टेबलावर तुला कुणी हात लावत नाही, तुझा डोळा जाईल, कळतंय का, पार जाईल. ती ऐकून घेत होती, लहान मुलीचं ऐकतात तसं. मग म्हणाली, "म्हणजे रडणाऱ्या लेकराला रस्त्याच्या मध्ये सोडू?"

"हो. सोड."

"तू सोडशील?"

मी उठले. माळ्यावरून जुन्या लोकरीचा एक भला मोठा गुंता काढला, तिच्या मांडीवर टाकला आणि सांगितलं, मी घरी येईपर्यंत दोन्ही हातांनी हा सोडवायचा, हात रिकामे ठेवायचे नाहीत, तुला माझी शपथ आहे. अक्काने माझी शपथ कधी मोडलेली नाही.

त्या आठवड्यात ओटीत काय चाललं होतं ते कुणालाच समजेना. ज्याचं बघावं त्याचं प्रेशर चढायचं ते उतरायचंच नाही. मशीन दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं, त्याने पट्टा स्वतःच्या दंडाला बांधून बघितला आणि मशीनला काही झालेलं नाही म्हणाला. एक आजोबा परत गेले. मग एक बाई परत गेल्या, त्यांचा हात मी अर्धा तास चोळला, फुंकर घालायची तेवढी बाकी ठेवली, तरी काही नाही. कापड काढल्यावर त्या माझ्याकडे न बघता डावीकडे बघत म्हणाल्या, "मला वाटलं होतं कुणी येईल." मला काय ते उमगलं. पण घरी अक्काचं प्रेशर सोन्यासारखं होतं, आणि मला माझी अक्का पाहिजे होती. कुणाला मी दुष्ट वाटेन तर वाटू दे.

सर्जनबाईंच्या मागे लागून अक्काचा नंबर पहिला लावून घेतला. आत नेण्यापूर्वी आकडे इतके छान होते की डॉक्टर मला म्हणाले, "बघा, गोळ्या वेळेवर दिल्या की कसं होतं."

टेबलावर घेतलं, थेंब घातले, पट्टा बांधला, हिरवं कापड आलं. तिचा उजवा हात माझ्या हातात होता, करंगळी ताठ. आणि आकडे चढायला लागले. आधी हळू, मग पट्टा आवळेल तसे भराभर. डॉक्टरांनी सुईतून औषध दिलं. सर्जनबाई हात वर धरून थांबल्या. तिच्या हाताची नाडी माझ्या तळव्यात धडधडत होती. कापडाखालून अगदी बारीक आवाज आला, "बाई."

"मी आहे अक्का."

"तू इकडे आहेस. तिकडे कुणी नाही."

घाबरलेल्या सगळ्यांना धरायला तीच होती. तिला कोण? मला पलीकडे जायचं होतं, पण मध्ये हत्यारांचा ट्रे, मशीन, सर्जनबाईंचं स्टूल, आणि मी उठले तर हाही हात सुटणार होता. मी नुसती त्या डाव्या बाजूकडे बघत राहिले. असं बघितलं की काय सांगू, रस्त्याच्या पलीकडे आपलं माणूस दिसावं आणि मध्ये गाड्या थांबू नयेत, तसं. डोळ्यांवर टोपीतून केस आले होते, ते मागे सारायला हात मोकळा नव्हता. आणि एक क्षण मला असं वाटलं की स्टुलावर बसलेल्या माझे पाय खाली जमिनीला टेकत नाहीयेत.

"उतरतंय," डॉक्टर म्हणाले.

उतरत होतं. सावकाश, जिना उतरल्यासारखं. अक्काचा हात माझ्या हातात सैल पडला. सर्जनबाईंनी एकदाही हात न थांबवता भिंग बसवलं, आणि शेवटी मास्कच्या आडून मला म्हणाल्या, "मावशी, झालं हो तुमचं काम." मी उठले तर मला चक्कर आली. सिस्टरने मला बाकावर बसवून माझ्याच दंडाला पट्टा बांधला, आणि आकडे बघून म्हणाली, "अगं बाई, तुम्हीच आडव्या व्हा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काच्या डोळ्यावरची पट्टी काढली. तिने डोळा मिचकावला, पाणी आलं, मग तिने माझ्याकडे पाहिलं. किती वर्षांनी पाहिलं. माझा चेहरा ती नजरेने वरपासून खालपर्यंत चाचपत होती. "केवढी गं पिकलीस," ती म्हणाली. "आणि कुणी सांगितलं नाही मला." सर्जनबाई हसल्या, मीही हसले, हसता हसता नाक पुसलं. खिडकीवरचा पडदा कुठल्या रंगाचा, सिस्टरच्या घड्याळात किती वाजले, सगळं तिने न विचारता सांगितलं.

मग प्रेशर बघायला सिस्टरने तिची डावी बाही वर केली आणि थांबली. कोपराच्या वर, काळेनिळे वळ. पट्ट्याचा वळ रुंद असतो, सरळ असतो, आम्हा सगळ्यांना माहीत आहे. हे बोटांचे होते. बारीक बारीक, पुढून आणि मागून, जणू एका हातात दंड मावला नाही म्हणून दोन्ही हातांनी लटकून धरलं होतं.

"मावशी!" सिस्टर म्हणाली. "किती जोरात धरलंत हो बिचारीला? म्हाताऱ्या माणसाची कातडी ती."

"मी उजवीकडे होते," मी ओरडले. "तू पाहिलंस मला. आणि माझी बोटं बघ केवढी आहेत, ही बघ, लावून बघ." मी हात पुढे केला, पण कुणी लावून बघितलं नाही. डॉक्टर हसले. पक्कड म्हणाली ती तेव्हाच.

"तिला नका बोलू," अक्का म्हणाली. "तिने नाही धरलं तिकडे."

"मग कुणी धरलं, आजी?"

अक्काने माझ्यावरून नजर काढली आणि आपल्या डाव्या बाजूला पाहिलं, खाली, जिथे लहान पोराचं डोकं पलंगाच्या कडेला लागतं तेवढ्या उंचीवर. तिथे पलंग आणि भिंत यांच्यात रिकामी जागा होती. तिचा चेहरा असा निवला की मला तो लहानपणीचा आठवला. तिने उजवा हात अंगावरून पलीकडे नेला आणि हवेतल्या हवेत, ती ताठ करंगळी जपत, कुणाच्या तरी कपाळावरचे केस मागे सारले.

"अजून सोडलं नाहीये तिने," ती म्हणाली. "झिपरी."